मागे अल्पेश आहे

सोमाकाकांनी मारलेली गाठ आजवर सुटली नव्हती. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी डिस्पॅचला काढली. ट्रकवर पिंपं चढली, दोर आवळून झाला, की शेवटची गाठ सोमाकाकांची. "माझी गाठ कन्याकुमारीला गेली तरी तिथं कोयत्यानंच तोडावी लागते," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. रिटायर झाल्यावर एवढाच फरक पडला, की हे ऐकायला कोणी उरलं नाही.

घरात ऐकायला शालनकाकू होत्या. पण नात झाली तशा त्या पुण्याला मुलाकडे, सम्यककडे गेल्या. "बाळंतपण उरकलं की येते," म्हणाल्या, आणि ते बाळंतपण काही उरकेना. नात, म्हणजे मैत्री, पालथी पडली, रांगायला लागली, खुर्ची धरून उभी राहिली. यशोधरा, म्हणजे सून, परत ऑफिसला जायला लागली आणि मग तर आजीला हलताच येईना. इकडे बदलापुरात दोन खोल्या, सोमाकाका आणि एक कुकर. कुकरच्या शिट्ट्या ते मोठ्यानं मोजायचे. तेवढाच घरात माणसाचा आवाज.

रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायचा.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"खिचडी."

तेवढ्यात तिकडे मैत्री रडायची आणि फोन ठेवला जायचा. इतक्या महिन्यांत नवरा-बायकोचं बोलणं खिचडीच्या पुढे गेलं नव्हतं.

मग स्वतः उठून पुण्याला का गेले नाहीत, असं तुम्ही विचाराल. बारशाला गेले होते की. दोन खोल्या आणि हॉल असलेलं घर, त्यात सुनेचं माहेर उतरलेलं. काकांची गादी हॉलमध्ये पडली आणि पहाटेपासून जो तो त्यांना ओलांडून पाणी प्यायला जायला लागला. परत येताना सम्यकनं त्यांना बसमध्ये बसवून दिलं, वरून बॅग खिडकीतून आत दिली. काकांना वाटलं, आपल्याला आणि बॅगेला एकत्रच पोचवलं यानं. तेव्हाच त्यांनी ठरवलं, आता जायचं तर आपल्या गाडीनं. आपली गाडी खाली उभी असली, की माणूस पाहुणा असतो. वाटलं तर राहतो, वाटलं तर निघतो.

गाडी होती. जुनी मारुती आठशे, मूळचा रंग पांढरा. पण तिचं इंजिन इतकं थकलं होतं, की उड्डाणपुलावर चढताना मागचा सायकलवालासुद्धा घंटी वाजवायच्या ऐवजी धीर द्यायचा. ही घाट चढणं शक्य नव्हतं. सम्यक फोनवर म्हणायचा, "बाबा, भंगारात द्या ती." काका "बघतो" म्हणायचे, आणि एक दिवस गाडी घेऊन ते उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जितेशभाईंच्या गॅरेजला गेले.

जितेशभाईंनी बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि परत लावलं. "काका, इसमें अब कुछ नहीं बचा. झेनचं इंजिन टाकतो. थोडं वेल्डिंग लागेल, बाकी बसून जाईल. गाडी छोटी, इंजिन बडा. मग बघा."

"घाट चढेल?"

"घाट? काका, झाडावर चढेल."

आठ दिवसांनी या, असं सांगितलं होतं. काका दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी जितेशभाई पाना खाली ठेवून म्हणाले, "काका, आप रोज क्यूं आते हो? इंजिन काढलेली गाडी कुठं पळून जाणार?"

"नाही, मी आपला बघायला."

पण पाचव्या दिवसापासून टायरच्या ढिगाशेजारी काकांसाठी एक स्टूल ठेवलेलं असायचं आणि चहाचा एक कप जास्त यायचा. काका तिथं बसून गाठीची गोष्ट सांगायचे. ऐकणारा गाडीखाली आडवा असायचा, पण होता. गाडी तयार झाली त्या दिवशी काकांना आनंद झाला आणि घरी येताना थोडं वाईटही वाटलं. उद्यापासून उल्हासनगरला जायचं निमित्त संपलं.

निघताना जितेशभाईंनी एकच सांगितलं होतं. "सुरुवातीला जड वाटेल. चालत चालत इंजिन खुलेल. खुललं की तुम्हालाच कळेल." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा घोटाळा त्याच्यामुळे झाला.

रविवारी सकाळी काका गाडी पुसायला खाली उतरले, तर शेजारच्या जागेत अल्पेश आपल्या काळ्या एसयूव्हीच्या चाकाला लाथ मारत उभा. अल्पेश पहिल्या मजल्यावरचा. मूळचा इथल्याच गावचा, जमीन बिल्डरला गेली तशी ही भलीमोठी गाडी आली. काकांची आठशे तिच्याशेजारी उभी असली, की म्हशीशेजारी करडू बांधल्यासारखं दिसायचं.

"काय झालं रे?"

"सेल्फ गेला, काका. चावी फिरवतो तर टक् करते नि गप. आज पाचला धर्मेशचा साखरपुडा हाय गावाला. भाऊच टाइमावर नाय पोचला तर बाबा मना मांडवातनंच हाकलून देतील. टोइंगवाला बोलतो, चार तास लागतील."

"उल्हासनगरला माझा माणूस आहे. दुपारपर्यंत असतो."

"पन नेऊ कशी?"

काकांनी आठशेच्या टपावर हात ठेवला. अल्पेशनं आधी आठशेकडं बघितलं, मग स्वतःच्या गाडीकडं, मग काकांकडं.

"काका, माझ्या गाडीची स्टेपनी उचलेल का ही?"

"आतलं इंजिन बदललंय. बाहेरून बघू नकोस."

दुसरा इलाज नव्हता. काकांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरचा नायलॉनचा दोर आणला आणि बऱ्याच दिवसांनी, अगदी मन लावून, दोन्ही टोकांना आपली गाठ मारली. अल्पेशची बायको रिद्धी गॅलरीतून बघत होती. वॉचमन बघत होता. समोरच्या इमारतीतलेही दोघे थांबले. इतके लोक एकाच वेळी सोमाकाकांकडे बघत आहेत असं रिटायरमेंटच्या समारंभानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

"हॉर्न वाजवू नकोस," काका म्हणाले. "रस्त्यावर हॉर्न कुणाचा कळत नाही. सगळं ठीक असलं की खिडकीतून हात वर कर. हळू जायचं असलं तर हात खाली-वर हलव."

"बरं, काका."

आता गंमत बघा. सेल्फ गेलेली गाडी ओढली जात असताना गिअरमध्ये टाकून क्लच सोडला, तर ती बहुतेक वेळा चालू होते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण एकाच्या डोक्यात साखरपुडा होता, दुसऱ्याच्या डोक्यात गाठ. दोघांनाही ते सुचलं नाही.

निघाले. दोर ताणला, आठशे बसकण मारल्यासारखी झाली, क्लचचा करपट वास आला आणि काळी गाडी हलली. वॉचमननं टाळी वाजवली. रस्त्याला लागल्यावर काका पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर गेले ते तिथंच राहिले. इंजिन कण्हत होतं. मागच्या काचेवरच्या जुन्या फिल्मला फोड आले होते, त्यामुळे आरशात एक मोठा काळा आकार आणि त्यातून बाहेर आलेला हात एवढंच दिसायचं. हात वर होता. सगळं ठीक होतं.

पुढे चढ लागला. अर्ध्या चढावर गाडी इतकी मेटाकुटीला आली, की काकांनी स्टिअरिंगवर पुढे वाकून स्वतःच जोर लावला. आणि एकाएकी एक हिसका बसून आठशे सुसाट सुटली. इंजिनचा आवाज बदलला, चढ संपला, तिसरा गिअर पडला, चौथा पडला.

खुललं, काका मनात म्हणाले. जितेशभाई म्हणाले होते तसंच. इंजिन खुललं.

त्यांनी आरशात बघितलं. मागे मोठा काळा आकार होता. खिडकीतून हात बाहेर आलेला होता. काकांनीही हात बाहेर काढून 'ये, ये' केलं.

त्या आनंदात त्यांना कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. त्यांनी शालनकाकूंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. गाडी चालवताना हे करू नये, हे त्यांनाही माहीत होतं.

"काय हो, सकाळी सकाळी? बरं आहे ना?"

"मैत्री झोपलीय का?"

"आत्ताच झोपली. का?"

"ऐक. मी आत्ता आपल्या आठशेनं अल्पेशची एवढी मोठी गाडी ओढतोय."

"काहीतरीच."

"खरंच. मागे अल्पेश आहे. हात करतोय बघ."

"मी पुण्याहून काय बघू? आणि गाडीला जड जात नाही का?"

"इंजिन बदललंय. तुला सांगितलं नव्हतं. अगं, काही जाणवतच नाही. मागे कुणी नसल्यासारखी चाललीय."

काकू हसल्या. किती दिवसांनी हसल्या. त्या दिवशी रविवार होता, सून घरात होती, मैत्री झोपलेली होती, त्यामुळे फोन ठेवायची घाई नव्हती. पुढे वाहनांची रांग दिसली तशी काकांनी गाडी आनंदनगरच्या आतल्या रस्त्याला घातली. इथल्या गल्ल्या त्यांच्या पायाखालच्या होत्या. काळी गाडी मागोमाग वळली. शहाणा पोरगा, काका म्हणाले, बरोबर स्टिअरिंग सांभाळतोय.

"आपल्या कंपनीचं गेट आलं," त्यांनी काकूंना सांगितलं.

"रंग दिलाय का?"

"निळा दिलाय. चांगला नाही दिसत."

"बाहेरचा वडाचा पार आहे का अजून? मी डबा घेऊन यायचे तेव्हा तिथं बसायचे. तुम्ही गाठ मारल्याशिवाय यायचाच नाहीत."

"पार आहे. त्यावर आता मोबाइलची टपरी आहे."

असं बोलत बोलत दोघं आनंदनगर ओलांडून, अंबरनाथमधून उल्हासनगरपर्यंत गेले. म्हणजे काका गेले आणि काकू खिशात. खिचडीचा विषय एकदाही निघाला नाही. मध्ये मध्ये फोनमध्ये टूं टूं असा आवाज येत होता, पण काकांनी लक्ष दिलं नाही.

गॅरेजसमोर त्यांनी गाडी थांबवली आणि खाली उतरून दोन्ही हात कमरेवर ठेवले. मागे काळी एसयूव्ही थांबली. तिच्यातून एक उंच, मिशीवाला माणूस उतरला. त्यानं हात जोडले.

"लई उपकार झाले काका. तुम्ही नसता तर मी तिथंच फिरत बसलो असतो. शहाड हेच का?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं. मग गाडीच्या आत बघितलं.

"अल्पेश कुठे आहे?"

"कोण अल्पेश?"

"तू कोण?"

"मी बाळाजी. नांदेडचा हाय. बदलापुरात एक पॅसेंजर सोडला, शहाडला एक घ्यायचाय. मोबाइलवरचा रस्ता कळंना. तुम्हाला हात करून इचारलं, तर तुम्ही या या केलं. म्हणून मागं मागं आलो."

"पण अल्पेश मागे होता. मी त्याला ओढत होतो."

"काका, तुमच्या मागं मीच होतो. आन मला कुणी ओढत नव्हतं."

काका वाकून मागच्या हुकाकडे बघायला लागले. गाठ जशीच्या तशी होती. गाठीच्या पुढे वीतभर दोर होता. त्याच्या पुढे उल्हासनगर होतं.

खिशातून काकूंचा आवाज आला, "अहो, कोण बाळाजी? अल्पेश कुठं गेला? अहो, कुणाशी बोलताय?" काकांनी फोन बाहेर काढला तेवढ्यात तो बंद पडला. एवढं लांब बोलायची त्या बॅटरीला सवय नव्हती.

काका तसेच माघारी फिरले. चढापर्यंत गेले. अल्पेश नाही, गाडी नाही, दोराचा तुकडासुद्धा नाही. कडेच्या नारळपाणीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काळी गाडी? काका, इथनं काळ्याच गाड्या जातात." परत वळून उल्हासनगरकडे निघाले तर आनंदनगरपाशी क्लचनं मान टाकली. शेवटी भंगार वाहणाऱ्या एका तीनचाकी टेम्पोनं आठशेला गॅरेजपर्यंत ओढून नेलं. टेम्पोवाला दर दहा पावलांवर मागे वळून बघत होता. काकांना त्याचं फार कौतुक वाटलं.

जितेशभाईंनी वास घेऊनच सांगितलं, "क्लच प्लेट गई. काका, काय ओढत होता?"

"काही नाही," काका म्हणाले, आणि ते खरं होतं.

शेअर रिक्षा बदलत काका बदलापूरला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आधी अल्पेशच्या दाराला गेले. कुलूप. खाली येऊन वॉचमनला विचारलं. सकाळचा पाळी संपवून गेला होता, हा दुसऱ्या पाळीचा होता.

"अल्पेशसाहेब ना? ते कधीच आले. वहिनींना घेतलं नि गेले गावाला. स्वतःच चालवत होते की गाडी."

"बंद पडलेली गाडी?"

"चालू होती, काका. मी गेट उघडलं ना."

सोमाकाका जिना चढताना पहिल्यांदा स्वतःविषयी शंका घेऊ लागले. आणि वर बघतात तर घराचं दार उघडं. आत शालनकाकू, सम्यक, यशोधरा आणि गादीवर मैत्री. सगळे उभे राहिले. मैत्रीही खुर्ची धरून उभी राहिली.

झालं असं होतं, की फोन तुटल्यावर काकूंनी परत परत लावला. लागेना. सम्यकला सांगितलं, "अरे, मघापासून मागे अल्पेश आहे, अल्पेश आहे म्हणत होते आणि एकदम म्हणाले अल्पेश कुठाय. नंतर कुणा बाळाजीशी बोलायला लागले." सम्यकनं सोसायटीच्या गेटवर फोन केला, तो या दुसऱ्या पाळीच्या वॉचमननं उचलला. वॉचमन म्हणाला, अल्पेशसाहेब आत्ताच गाडी घेऊन गेले, काका अजून आले नाहीत. तेव्हा सम्यकनं सगळ्यांना गाडीत घातलं आणि थेट बदलापूर गाठलं.

"बाबा, बसा आधी," सम्यक मुलाखत घेतल्यासारख्या हळू आवाजात म्हणाला. "आता शांतपणे सांगा. तुम्ही कुणाला ओढत होता?"

"अल्पेशला."

"अल्पेश तर इथं होता."

"तेच मला कळत नाहीये."

सून आणि मुलगा एकमेकांकडे बघायला लागले. काका दोराची गोष्ट सांगायला लागले, हिसक्याची सांगायला लागले, पण जितकं जास्त सांगावं तितके समोरचे चेहरे जास्त मऊ होत गेले. यशोधरानं पाणी आणून दिलं आणि ग्लास त्यांच्या हातात नीट धरवला. शेवटी काकांनी पाणी पिऊन टाकलं.

त्या संध्याकाळी घरात भाकरी थापल्याचा आवाज आला. बोंबलाचं कालवण झालं. ताटं कमी पडली म्हणून सम्यक पातेल्याच्या झाकणावर जेवला. मैत्रीनं आजोबांचा चष्मा ओढला आणि वाकडा करून परत दिला. बाहेरच्या खोलीत गाद्या पडल्या आणि यावेळी काकांना पलंग मिळाला.

सकाळी काका सगळ्यांच्या आधी उठले. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन त्यांनी चालू केला. त्यावर अल्पेशच्या मिस्ड कॉलची रांगच्या रांग उभी होती. खाली एक मेसेज. 'काका दोर तुटला. माझी गाडी चालू झाली. तुम्ही कुठे आहात?'

काकांनी तो मेसेज दोनदा वाचला. त्यांना फार हायसं वाटलं. डोकं ठिकाणावर होतं तर. ते उठून सम्यकला दाखवायला गेले. दारातूनच दिसलं, सम्यक तोंड उघडं टाकून झोपला होता, लहानपणी झोपायचा तसा. स्वयंपाकघरात शालनकाकू चहा टाकत होत्या आणि साखरेचा डबा कुठं ठेवलाय म्हणून स्वतःशीच पुटपुटत होत्या. काका थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग त्यांनी फोन खिशात ठेवला.

"तिसऱ्या फळीवर आहे," ते म्हणाले.

दहा वाजता त्यांना डॉक्टरकडे नेलं. सम्यकनं ओळखीतून मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. डॉक्टर तरुण आणि फार गोड बोलणारे होते.

"आजोबा, काल गाडी ओढत होतात म्हणे?"

"हो."

"मागे कोण होतं?"

"अल्पेश होता. मग नव्हता."

"मग?"

"मग बाळाजी होते."

डॉक्टरांनी मान डोलावली. "हे बाळाजी आत्ता आहेत का इथं?"

"नाही. ते शहाडला गेले."

डॉक्टरांनी पायावर हातोडी मारून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, बोट कुठं जातंय ते बघायला लावलं. सगळं ठीक निघालं. खुर्ची सरकवत त्यांनी विचारलं, "चक्कर वगैरे येते का?"

काकांच्या खुर्चीच्या पाठीवर शालनकाकूंनी हात ठेवलेला होता. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. फोन खिशातच होता.

"येते," काका म्हणाले.

"कधी?"

"संध्याकाळी. दिवे लावायच्या वेळी."

हे मात्र काकांनी बनवून सांगितलं नाही. त्या वेळी दोन खोल्यांपैकी कुठल्या खोलीतला दिवा लावावा हे त्यांना खरंच कळेनासं व्हायचं. डॉक्टर सम्यकला म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. पण काही दिवस यांना एकटं ठेवू नका."

"मी थांबते," शालनकाकू म्हणाल्या. "यशोधराची आई येणारच होती या महिन्यात. तिला लवकर बोलवू."

काकांनी जमिनीकडे बघितलं. आपण चोरी केली आहे आणि माल फार चांगला मिळाला आहे, असं त्यांना वाटत होतं.

चोरी एक दिवससुद्धा टिकली नाही. संध्याकाळी सम्यक आणि यशोधरा निघायच्या तयारीत असताना अल्पेश दारात उभा राहिला. एका हातात साखरपुड्याच्या पेढ्यांचा खोका, दुसऱ्या हातात नायलॉनचा दोर.

"काका, तुमची गाठ काय सुटली नाय बरं. दोरच तुटला, गाठीच्या फुडं," तो आत येत म्हणाला आणि बसायच्या आधीच सांगायला लागला. "चढावर दोर तुटला नि गाडी मागं घसरायला लागली. मी घाबरून रिव्हर्स टाकला नि क्लच सोडला, तर गाडी चालूच झाली. मंग तिथनंच वळलो नि घरला आलो. बंद केली तर परत सुरू होयाची नाय, म्हणून साखरपुडा होईस्तोवर बंदच केली नाय. भटजी मंत्र बोलतात नि बाहेर आपली गाडी घर्र घर्र. बाबा बोलले, अल्प्या, सासरचे काय बोलतील. काका, तुमाला किती फोन लावले. आदी बिझी, मंग बंद. रागावला नाय ना? मेसेज तरी बघितला ना सकाळी? दोन निळ्या टिका आल्या होत्या."

पेढा फक्त मैत्रीनं घेतला. अल्पेशला काही कळलं नाही, तो दोर कोपऱ्यात ठेवून, धर्मेशच्या लग्नाला यायचंच असं बजावून निघून गेला.

"सकाळी," सम्यक म्हणाला. "बाबा, सकाळीच कळलं होतं तुम्हाला."

काका दोराची गुंडाळी करत बसले.

"मी रजा टाकली. डॉक्टरनं तुमच्या गुडघ्यावर हातोडी मारली. तेव्हाही बोलला नाहीत?"

"ठीक होते ना गुडघे," काका म्हणाले.

यशोधरा आधी हसली. तोंडावर पदर धरून आतल्या खोलीत गेली आणि तिथून तिचं हसणं ऐकू यायला लागलं. सम्यकनं रागवायचा बराच प्रयत्न केला, पण त्याला ते जमेना. जाताना त्यानं वाकून बापाच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "फोन करत जा ना, बाबा. असं काही करण्यापेक्षा." काका हो म्हणाले. फोन करून काय सांगायचं असतं, हे त्यांना कधीच नीट कळलं नव्हतं.

शालनकाकू गेल्या नाहीत. त्यांची पिशवी भरलेली होती, ती त्यांनी परत रिकामी केली. रात्रीच्या भाताला तांदूळ निवडता निवडता त्यांनी विचारलं, "इंजिन कशाला बदललं?"

"घाट चढायला."

"घाट कशाला चढायचा होता?"

काकांनी वाकडा चष्मा पुसायला घेतला. काकूंनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हाला इथं निवांत बरं वाटतंय. फोनवर बोलायचाच नाहीत धड." आणखी दोन खडे निघाले. "आता असं करू. गाडी दुरुस्त होईपर्यंत मी इथं आहे. झाली की त्याच गाडीनं मला पुण्याला सोडा. आणि तुम्हीही आठ दिवस राहा तिथं. हॉलमध्ये झोपायचं नाही, मी सांगते सम्यकला."

काका बरं म्हणाले. नंतरचे दोन दिवस ते उगाचच दुकानात जाऊन कोथिंबीर आणत होते. वॉचमनला, दूधवाल्याला, पिठाच्या गिरणीत, जिथं जातील तिथं सांगत होते, "मिसेस आल्यात." गाठीची गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही.

बुधवारी दुपारी काकू आतल्या खोलीत पडल्या होत्या तेव्हा जितेशभाईंचा फोन आला. "काका, खुशखबर. क्लच प्लेट आजच मिळाली. उद्या सुबह गाडी रेडी. घेऊन जा."

काकांनी आतल्या खोलीकडे बघितलं. मग गॅलरीत जाऊन दार मागे ओढून घेतलं.

"जितेशभाई," ते हळू आवाजात म्हणाले, "आता उघडलंच आहे तर एकदा इंजिनपण खोलून बघा ना."

"क्यूं? इंजिनला काय झालं?"

"काही नाही झालं. तरी बघा. सावकाश बघा."